लेख छापला, मानधनाचे काय?

चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर असलेला एक तरुण परवा माझ्या पिंपरीच्या ऑफिसात आला. ओव्हरटाइमला दुप्पट दर मिळालाच पाहिजे, हे त्याला तोंडपाठ. पण मासिकात आलेल्या लेखाचे मानधन किती मिळाले, असे विचारताच लाजला. म्हणाला, "मागायचं कसं, सर?"

चळवळीच्या पत्राला आपण फुकट लिहितो, ते आपले दान. पण पानभर मोटारींच्या जाहिराती छापणाऱ्या मासिकाला दान कशासाठी? १९२० साली 'मूकनायक' काढताना बाबासाहेबांना शाहू महाराजांनी २५०० रुपयांची मदत केली होती. पैशाशिवाय पत्र चालत नाही, तसे लेखकाचे घरही चालत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पत्राच्या नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखाचा पहिला मालक तो स्वतःच. मालकी दुसऱ्याला द्यायची तर लेखी करार आणि सही लागते; करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. तेव्हा वाचल्याशिवाय सही करू नका.

अख्खा लेख पाठवून वाट पाहत बसू नका. आधी त्या मासिकाचे दोन-तीन अंक वाचा. मग संपादकांना सहा-सात ओळींचे पत्र लिहा: विषय काय, स्वतः काय पाहिले, कोणते कागद हाती आहेत, किती शब्द, कधी देणार. मानधन किती आणि केव्हा, हेही त्यातच विचारा.

त्या तरुणाने माझ्यासमोरच पत्र लिहिले. मानधनाची ओळ दोनदा खोडली. तिसऱ्यांदा मी खोडू दिली नाही.