पॅसिव्हवरचा खोटा आळ

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना इंग्रजीतून अहवाल कसा लिहावा हे शिकवणारी जी पुस्तके, टिपणे आणि व्याख्याने आज उपलब्ध आहेत, त्यांतील बहुतेकांच्या आरंभी एक आज्ञा असते : पॅसिव्ह व्हॉइस टाळा. तिच्या पाठोपाठ तिची भावंडे येतात. वाक्ये लहान ठेवा. सोपे शब्द वापरा. अनावश्यक शब्द गाळा. या भावंडांशी आमचे फारसे वैर नाही; ‘नीट वागा’ या उपदेशाशी कोण भांडेल? पहिल्या आज्ञेशी मात्र आमचे भांडण आहे, आणि ते केवळ व्याकरणाचे नाही. ज्यांनी आयुष्यभर वाक्ये वाचण्याचाच अभ्यास केला, त्या साहित्याच्या मंडळींनी स्पष्ट लेखनाचा सगळा प्रश्न अशा आज्ञा छापणाऱ्यांच्या हाती सोपवला आणि त्याची कोणाला खंतही वाटत नाही, हे आम्हांला अधिक लागते.

या आज्ञेची वंशावळ पाहण्यासारखी आहे. कॉर्नेल विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ साली आपल्या विद्यार्थ्यांसाठी ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’ हे छोटेखानी पुस्तक खाजगीरीत्या छापले. त्यांचे विद्यार्थी, पुढे ‘न्यू यॉर्कर’चे नामवंत लेखक झालेले ई. बी. व्हाइट, यांनी १९५९ साली ते वाढवून पुन्हा प्रसिद्ध केले आणि अमेरिकेतील कित्येक पिढ्या त्यावर पोसल्या. त्यात ‘ॲक्टिव्ह व्हॉइस वापरा’ या नियमाखाली दोषी वाक्यांचे, त्यांच्या सुधारित रूपांसह, चार नमुने दिले आहेत. २००९ साली, या आवृत्तीच्या पन्नाशीच्या निमित्ताने, भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी दाखवून दिले की या चार दोषी वाक्यांपैकी पॅसिव्ह असे एकच आहे. उरलेली तीन ढिली असतील, पसरट असतील, पॅसिव्ह नव्हेत. रोग न ओळखता औषध देणाऱ्या वैद्याला आपल्याकडे काय म्हणतात ते वाचकांना सांगायला नको. व्हाइट यांची बाजू घ्यायची तर एवढे म्हणता येईल की पॅसिव्ह सरसकट टाकून द्या असे ते पुस्तक म्हणत नाही. ते अनुयायांनी म्हटले.

जॉर्ज ऑरवेल यांचे प्रकरण आणखी गमतीचे आहे. १९४६ सालच्या ‘पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज’ या निबंधात त्यांनी जे सहा नियम घालून दिले, त्यांत ॲक्टिव्ह शक्य असेल तेथे पॅसिव्ह कधीच वापरू नये असा एक आहे. त्याच निबंधाच्या अगदी पहिल्या वाक्यात पॅसिव्ह आहे, आणि ते तेथे शोभूनही दिसते! ऑरवेल मोठे गद्यलेखक होते, कारण लिहिताना ते स्वतःच्या नियमाकडे लक्ष देत नसत. शिवाय ते लिहीत होते राजकारण्यांच्या भाषेविषयी. पंपाच्या माहितीपुस्तिकेला तो नियम लावा असे त्यांना कोणी विचारले नव्हते.

आता पंपाकडेच वळू. इंग्रजीतील तीन वाक्ये घ्या. ‘अ सेपरेट मोटर पॉवर्स द पंप. ऑइल कूल्स द मोटर. टू फिल्टर्स क्लीन द ऑइल.’ तिन्ही ॲक्टिव्ह, तिन्ही लहान, एकही अनावश्यक शब्द नाही. तरीही वाचणाऱ्याला प्रत्येक पूर्णविरामानंतर ठेच लागते, कारण प्रत्येक वाक्य अनोळखी वस्तूने सुरू होते आणि ओळखीची वस्तू शेवटी भेटते. आता तीच माहिती अशी मांडा : ‘द पंप इज पॉवर्ड बाय अ सेपरेट मोटर. द मोटर इज कूल्ड बाय ऑइल. द ऑइल इज क्लीन्ड बाय टू फिल्टर्स.’ तिन्ही पॅसिव्ह. पण पंपाचा हात धरून मोटर येते, मोटरचा हात धरून तेल. एका वाक्याच्या शेवटी जे नवे म्हणून आले, ते पुढच्या वाक्याच्या आरंभी ओळखीचे होऊन बसते. संगणकावरचा व्याकरण-तपासनीस या तिन्ही वाक्यांखाली रेघ मारण्याची शक्यता आहे. त्याला वाक्य दिसते, परिच्छेद दिसत नाही.

मराठी माणसाला हे समजायला वास्तविक सर्वांत सोपे जावे. ‘कुत्र्याने मांजराला चावले’ आणि ‘मांजराला कुत्र्याने चावले’ या दोन वाक्यांत कोण कोणाला चावले याविषयी तिळमात्र संशय नाही. बदलले आहे ते एवढेच की पहिल्यात गोष्ट कुत्र्याची आहे, दुसऱ्यात मांजराची. विभक्तीचे प्रत्यय पहारा देत असतात, म्हणून शब्दांना मोकळेपणी हिंडता येते. इंग्रजीचा हा पहारा कित्येक शतकांपूर्वीच उठला. तेथे ‘द डॉग बिट द कॅट’मधल्या दोन नामांची अदलाबदल केली की चावणारे मांजर होते. मग मांजराची गोष्ट सांगता सांगता कुत्रा आणायचा कसा? ‘द कॅट वॉज बिटन बाय द डॉग.’ जे काम आपल्याकडे विभक्ती आणि मोकळा शब्दक्रम करतात, ते इंग्रजीत पॅसिव्हला करावे लागते. प्राग येथील भाषाशास्त्रज्ञ व्हिलेम माथेझियस यांनी चेक आणि इंग्रजी या भाषांची तुलना करताना नेमके हेच ओळखले होते. चेकमध्येही विभक्ती आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला घरातली गोष्ट चटकन दिसते.

आपल्याला ती का दिसली नाही? आमच्या मते याचे एक कारण शाळेत आहे. पॅसिव्ह म्हणजे कर्मणी अशी समजूत तेथे करून दिली जाते. ‘रामाने आंबा खाल्ला’ याला आपण कर्मणी म्हणतो, कारण क्रियापद आंब्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. पण राम तेथे ठामपणे कर्ता म्हणून उभा आहे. त्याला कोणी मागे लोटलेले नाही. त्याचे इंग्रजी ‘राम एट अ मँगो’ असे साधे ॲक्टिव्हच होते. आपला कर्मणी प्रयोग आणि इंग्रजांचा पॅसिव्ह यांचे गोत्रच वेगळे. तरीही रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाच्या छायेत वाढलेल्या पिढ्यांनी ‘चेंज द व्हॉइस’ची शेकडो वाक्ये उलटीपालटी केली, आणि ती का उलटायची हे त्यांना कोणी सांगितले नाही. (याचा सूड मराठीवर उगवला गेला. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकांत तापमान ‘मोजले जाते’, द्रावण ‘ढवळले जाते’. ‘मोजतात’ आणि ‘ढवळतात’ ही सुटसुटीत रूपे कोणाच्या स्वयंपाकघरात पडून आहेत कोण जाणे.)

पॅसिव्हवरचा मुख्य आरोप असा की तो कर्त्याला लपवतो, म्हणून तो लबाडांचा प्रयोग. ‘मिस्टेक्स वेअर मेड’ हे अमेरिकी राजकारण्यांचे लाडके वाक्य पुरावा म्हणून हजर केले जाते. आता त्याचे मराठी करून पाहा : ‘चुका झाल्या.’ यात पॅसिव्ह कोठे आहे? ‘होणे’ हे साधे अकर्मक क्रियापद. कर्ता मात्र सुखरूप पळाला! इंग्रजीतही ‘द सिस्टिम फेल्ड’, ‘अ डिले ऑकर्ड’ ही ॲक्टिव्ह वाक्ये आहेत आणि त्यांच्या आडोशाला हवी तेवढी माणसे लपू शकतात. लबाडी प्रयोगात नसते, वगळण्यात असते. आणि वगळायला भाषेत शंभर वाटा आहेत. त्यांतील एकच बंद करून पहारेकरी समाधानाने झोपला आहे.

या झोपेची किंमत किती असू शकते, ते पाहायचे तर ‘कोलंबिया’ अंतराळयानाच्या चौकशीची कागदपत्रे वाचावीत. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरील फेसाचा एक तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी या आघाताचे विश्लेषण नासापुढे स्लाइडांवर मांडले. त्यांतील एका स्लाइडचे शीर्षक असे होते : ‘रिव्ह्यू ऑफ टेस्ट डेटा इंडिकेट्स कन्झर्व्हेटिझम फॉर टाइल पेनिट्रेशन.’ साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य समोर ठेवून जरा वेळ बसावे. ते ॲक्टिव्ह आहे. ते लहान आहे. आज्ञेचे पालन तंतोतंत झाले आहे. पण कोणी काय पाहिले? ‘रिव्ह्यू’ने. त्याने काय केले? ‘इंडिकेट’ केले. काय? ‘कन्झर्व्हेटिझम’. अभियंत्यांच्या बोलीत याचा अर्थ अंदाज सुरक्षिततेच्या बाजूला झुकता ठेवणे. पण हा सावधपणा कोणाचा? चाचणीचा, गणिताचा, की उष्णतारोधक फरशीचा? वाक्यातील एकमेव क्रियापद काहीच करत नाही. खऱ्या क्रिया नामांच्या पोटात गडप झाल्या आहेत. कानावर पडतो तो फक्त दिलाशाचा सूर.

येल विद्यापीठातील एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडची जी चिरफाड केली, ती ऑगस्ट २००३ मध्ये आलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालातही आहे. ‘सिग्निफिकंट’ आणि ‘सिग्निफिकंटली’ हे शब्द त्या एका स्लाइडवर पाच वेळा येतात आणि त्यांचे अर्थ जागोजागी बदलतात. आणि सगळ्यांत तळाशी, उपमुद्द्याच्या उपमुद्द्यात, ती माहिती आहे जी शीर्षकात हवी होती : चाचणीतला तुकडा ३ घनइंचांचा होता, यानावर आदळलेला तुकडा १९२० घनइंचांचा असल्याचा अंदाज होता. म्हणजे ६४० पट. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यान फुटले. कल्पना चावला यांच्यासह सातही जण गेले. एका स्लाइडमुळे अपघात झाला असे आम्ही म्हणत नाही. भगदाड फरश्यांत नव्हे, पंखाच्या कडेवरील कार्बनच्या आवरणात पडले होते, आणि नासाच्या कारभारातील दोषांची यादी लांब आहे. पण तांत्रिक निबंधांऐवजी स्लाइडा वापरण्याच्या सवयीवर त्या अहवालानेच बोट ठेवले आहे. आणि त्या शीर्षकाच्या जागी काय हवे होते? आम्ही लिहून पाहिले : ‘इन दीज टेस्ट्स, नथिंग निअर धिस साइज वॉज फायर्ड ॲट अ टाइल.’ या चाचण्यांत एवढ्या आकाराचे काहीही फरशीवर मारून पाहिलेले नाही. हे वाक्य पॅसिव्ह आहे. तपासनीस त्याखालीही रेघ मारील.

मग खरा गुन्हेगार नामीकरण, असे म्हणून नवी आज्ञा काढावी काय? तीही फसेल. न्यूटन यांनी १६७२ साली प्रकाशाविषयी रॉयल सोसायटीला पाठवलेले पत्र ‘मी हे केले, मग मी ते पाहिले’ अशा थाटाचे आहे. पण त्यांच्याच गद्यात ‘रिफ्रॅक्शन’सारखी नामे वाक्ये जोडण्याचे काम करतात. आधी सांगायचे की किरण वाकतो. मग त्या वाकण्याला नाव देऊन त्याच्याविषयी पुढचे बोलायचे. मायकेल हॅलिडे यांनी वैज्ञानिक इंग्रजीचा हा स्वभाव फार बारकाईने उलगडला आहे. नाम पुढच्या वाक्याची पायरी होत असेल तर ते उपयोगाचे; क्रियेची कबर होत असेल तर नव्हे. नामांच्या माळांचेही तसेच. ‘हाय प्रेशर व्हॉल्व्ह टेस्ट’ म्हणजे जास्त दाबाच्या झडपेची चाचणी, की झडपेची जास्त दाबाखाली चाचणी? संस्कृत शिकलेला कोणीही सांगेल की हा समास आहे आणि विग्रह दिलेला नाही. शाळेत ‘विग्रह करा’ म्हणून छळणाऱ्या गुरुजींना कारखान्यात नेऊन बसवावे असे आम्हांला पुष्कळदा वाटते.

आज्ञा जेथे रास्त आहे तेही सांगतो. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी युरोपातील विमानउद्योगाने १९८० च्या दशकात एक नियंत्रित इंग्रजी रचली. आज ती ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ म्हणून ओळखली जाते. कृतीची सूचना २० शब्दांपेक्षा लांब नको, सलग तीनपेक्षा जास्त नामे नकोत, एका शब्दाला एकच अर्थ. ‘फॉलो’ म्हणजे मागून येणे. सूचना पाळणे या अर्थी तो चालत नाही. आणि सूचनेत पॅसिव्ह नको. का? ‘द व्हॉल्व्ह इज क्लोज्ड’ म्हणजे झडप बंद आहे, की ती बंद करतात, की तुम्ही बंद करायची आहे? रात्रपाळीला पाना घेऊन उभ्या असलेल्या, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसाला हा पेच परवडणारा नाही. येथे नियमाला कारण आहे आणि त्या कारणाला वाचक आहे. आमचा राग नियमावर नाही, कारण हरवलेल्या नियमावर आहे.

आणि कारणे सांगायची कोणी? जोसेफ विल्यम्स शिकागो विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात होते. १९८१ साली त्यांनी ‘स्टाइल’ हे पुस्तक लिहिले, त्यात वाक्याच्या आरंभी कोणती माहिती यावी आणि शेवटी कोणती, याचा विचार आहे. १९९० साली ‘अमेरिकन सायंटिस्ट’मध्ये जुडिथ स्वान यांच्यासह वैज्ञानिक लेखनावर गाजलेला लेख लिहिणारे जॉर्ज गोपेन हेही इंग्रजीचेच प्राध्यापक. संदिग्धतेचे सात प्रकार सांगणारे एम्प्सन यांचे १९३० सालचे पुस्तक आमच्याकडे एम. ए. ला शिकवतात, पण ती नजर वर्गाच्या दारातच ठेवून यायची असा दंडक असावा. अभियांत्रिकी महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला गेलेला साहित्याचा पदवीधर ते काम शिक्षा म्हणून करतो आणि ‘कम्युनिकेशन स्किल्स’ची तयार टिपणे वाटून मोकळा होतो. कवितेतल्या एका सर्वनामावर तासभर बोलणारे आमचे समीक्षक अहवालातल्या ‘इट’कडे ढुंकून पाहत नाहीत. आता तर यंत्रेच गुळगुळीत इंग्रजी परिच्छेद लिहून देतात. व्याकरणाची चूक त्यांत सहसा सापडत नाही, त्यामुळे ‘इंडिकेट्स कन्झर्व्हेटिझम’ असले वाक्य पूर्वीपेक्षा अधिक सहज नजरेआड होईल.

आमची मागणी अगदी लहान आहे. प्रश्नपत्रिकेतून ‘चेंज द व्हॉइस’ काढून टाकावे. त्याऐवजी एखाद्या यंत्राच्या पुस्तिकेतली तीन वाक्ये द्यावीत, चौथ्याची माहिती द्यावी, आणि ते ॲक्टिव्ह असावे की पॅसिव्ह हे कारणासह लिहायला सांगावे. अशा उत्तरपत्रिका उत्तरसूची शेजारी ठेवून भराभर तपासता येणार नाहीत, ही अडचण आम्हांला ठाऊक आहे.