खर्ज हरवतो कुठे?

घरात नवा स्पीकर आला की एक तक्रार हमखास ऐकू येते : तबल्याची चाट स्वच्छ वाजते, पण डग्गा घुमत नाही. मग खर्जाचे बटण पिळले जाते, आणि तेवढ्याने भागले नाही तर आणखी मोठा स्पीकर घेण्याच्या गोष्टी सुरू होतात. माझे म्हणणे असे, की पैसे काढण्याआधी मोजपट्टी काढा. दोष पुष्कळदा स्पीकरचा नसून खोलीचा असतो.

प्रयोगशाळेतली अनुनाद नळी आठवा. तुमची खोली ही तशीच एक नळी, मात्र दोन्ही तोंडे बंद असलेली. समोरासमोरच्या भिंतींत ४ मीटर अंतर असेल, तर ८ मीटर लांबीची ध्वनिलहर त्यांत नेमकी अर्धी बसते. हवेत ध्वनीचा वेग २०° सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. म्हणजे ही कंप्रता झाली सुमारे ४३ हर्ट्‌झ. जाणारी व परतणारी लहर मिळून स्थिर तरंग तयार होतो. त्यात हवेच्या दाबाचा चढउतार भिंतींपाशी सर्वाधिक, आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ शून्य! आपला कान दाबातला हा बदलच ऐकतो. त्यामुळे मधोमध खुर्ची टाकून बसलेल्या वडिलांना तो सूर ऐकूच येत नाही, आणि भिंतीला टेकलेल्या आजीला मात्र तोच नकोसा होतो. ८६ हर्ट्‌झला चित्र बदलते : मध्यावर घुमारा, भिंतींपासून १ मीटरवर शांतता.

अशा शांत जागी बसून बटण पिळण्यात काय अर्थ? जाणारी लहर दुप्पट झाली की परतणारीही दुप्पट होते, आणि दोघी एकमेकींना पूर्वीसारख्याच खोडतात. डग्गा ऐकायला मिळतो तो शेजाऱ्यांना.

जाड पडद्यांचाही इथे फारसा उपयोग नाही. पडदा ध्वनी शोषतो तो हलत्या हवेच्या घर्षणाने, आणि भिंतीलगत हवा जवळजवळ हलतच नाही. ४३ हर्ट्‌झला ती सर्वाधिक हलते भिंतीपासून २ मीटरवर. तिथे पडदा कोण लावणार? ३ मीटर लांब, तेवढीच रुंद व उंच खोली तर सर्वांत वाईट. तिन्ही दिशांचे सूर ५७ हर्ट्‌झवर एकत्र येतात.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की अनुनादाचा धडा नळीवर संपवू नये. लॉर्ड रॅले यांच्या १८७७-७८ मधील ध्वनीवरील ग्रंथात एक तत्त्व आहे : ध्वनीचा उगम व कान यांच्या जागांची अदलाबदल केली, तरी ऐकू येणारा परिणाम तोच राहतो. त्याचा उपयोग करा. स्पीकर खुर्चीवर ठेवा, डग्ग्याची एखादी लग्गी सतत लावा आणि भिंतींच्या कडेने रांगत कान देऊन ऐका. घरचे हसतील, हसू द्या. जिथे सगळे खर्जाचे बोल सारखे भरून येतील, तिथे स्पीकर मांडा. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा येईल. पण तिथे एखादाच सूर ढोलासारखा बडवत राहतो, म्हणून हात-दीड हात अलीकडे सरकून पाहा.