आधी दोरी, मग रंग

पिकलबॉलचे कोर्ट आता सोसायटीच्या आवारात, गच्चीवर, टर्फच्या कडेला, शाळेच्या बॅडमिंटन हॉलमध्ये दिसू लागले आहे. याचा आनंदच आहे. आजोबा आणि सहावीतली नात एकाच बाजूने खेळू शकतील असे खेळ आपल्याकडे फार नाहीत. पण कोर्ट आखायची वेळ आली की पुष्कळ ठिकाणी रंगाऱ्याला जागा दाखवली जाते, ढोबळ माप सांगितले जाते आणि संध्याकाळपर्यंत पट्टे ओढून होतात. हे थांबायला हवे. या खेळाचा अर्धा नियम जमिनीवर आखलेला असतो, त्यामुळे आखणी चुकली की नियमच चुकतो.

सगळ्यात मोठी गफलत होते ती बॅडमिंटनच्या कोर्टवर. १९६५ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, बेनब्रिज बेटावर, जोएल प्रिचर्ड आणि त्यांच्या मित्रांनी हा खेळ सुरू केला तोच मुळी बॅडमिंटनच्या कोर्टवर. म्हणून २० फूट रुंदी आणि ४४ फूट लांबी हे बॅडमिंटनच्या दुहेरीचे माप पिकलबॉलला जसेच्या तसे लागू आहे, एकेरीलाही तेच. मग सोपा विचार होतो: नेट मध्यावर ३४ आणि कडेला ३६ इंचांवर उतरवले की झाले, रेषा आहेतच. पण बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस रेषा नेटपासून साडेसहा फुटांवर असते, आणि पिकलबॉलची ‘किचन’ची रेषा सात फुटांवर. किचन म्हणजे नेटलगतचा तो पट्टा, जिथे उभे राहून व्हॉली, म्हणजे चेंडू हवेतल्या हवेत, मारता येत नाही. अर्धा फूट म्हणजे किती, असे कोणी म्हणेल. दोन्ही बाजूंचा धरला तर समोरासमोरचे खेळाडू चौदाऐवजी तेरा फुटांवर येतात. शिवाय त्या रेषेची मालकीच उलटी आहे. बॅडमिंटनमध्ये सर्व्हिस त्या रेषेवर पडली तर बरोबर. पिकलबॉलमध्ये किचनची रेषा किचनचाच भाग, म्हणून सर्व्हिस तिच्यावर पडली की फॉल्ट, आणि व्हॉली मारताना बुटाचे टोक तिला लागले तरी फॉल्ट. हॉलमधल्या जुन्या रेषेवर शिकलेल्या मुलाचे पाऊल मग खऱ्या कोर्टवर चुकीच्या जागी पडते, आणि दोष त्याच्या खेळाला दिला जातो.

दुसरी गोष्ट काटकोनाची. चारही बाजू टेपने मोजल्या, २० आणि ४४ बरोबर आले, की काम चोख झाले असे वाटते. पण मागची रेषा आडवी सहा इंच सरकली असेल तरी लांब बाजू ४४ फूटच भरते. फरक अर्ध्या दशांश इंचाचाही दिसत नाही. तो दिसतो कर्णात. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा जवळजवळ पाच इंचांनी मोठा निघतो. आपल्या गवंड्यांना हे कोणी शिकवायला नको. पायाची आखणी करताना ते दोरीवर तीन, चार, पाचच्या खुणा करूनच गुण्या काढतात. तीच दोरी इथे लावायची. आधी नेटची रेषा धरावी, तिच्यापासून दोन्हीकडे २२-२२ फूट जावे, आणि दोन्ही कर्ण ४८ फूट ४ इंच येईपर्यंत रंगाला हात लावू नये. रेषा दोन इंच रुंद असते आणि माप तिच्या बाहेरच्या कडेपर्यंत धरायचे असते. ते आतल्या कडेपासून धरले तर चारही बाजूंना दोन-दोन इंच वाढतात आणि कोर्ट २१ चौरस फुटांनी फुगते.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: आपण गल्लीत क्रिकेट खेळून मोठे झालेले लोक, विटांचे स्टंप चालले, मग हौसेच्या खेळाला इंचाटेप कशाला? त्या खेळाचा आदर ठेवूनही सांगावेसे वाटते की गल्ली क्रिकेटने गल्लीपुरते वेगळे नियम केले आणि सगळ्यांनी ते मानले. पिकलबॉल खेळताना आपण नियम छापील लावतो आणि कोर्ट मात्र मनाचे. कबड्डीच्या मैदानावर निदान रेषा अर्धा फूट इकडेतिकडे झाली तर गावातला साधा संघही फक्की पुन्हा मारायला लावतो. मग इथेच सूट का?

जागेचा आक्षेप मात्र खरा आहे, विशेषतः मुंबई-ठाण्यात. कोर्ट २० बाय ४४ असले तरी भोवती धावायला जागा धरून किमान ३० बाय ६० फूट लागतात. तेवढे नसेल तर कोर्ट आक्रसू नये, आणि भिंतीला खेटून तर मुळीच आखू नये. मागे जाता जाता भिंतीवर आदळणारा माणूस बहुधा साठीचा असतो. अशा ठिकाणी दोन्ही किचन मिळून होणारा १४ बाय २० फुटांचा चौकोन खऱ्या मापात आखावा. डिंकचा, म्हणजे नेटवरून अलगद टाकायच्या फटक्याचा, सराव त्यात पुरेपूर होतो. जागा लांब पण अरुंद असेल तर मध्यरेषेच्या एका बाजूचे दहा फुटी अर्धे कोर्ट आखून एकेरी खेळता येते.

हॉलमध्ये आधीच बास्केटबॉल आणि बॅडमिंटनच्या रेषा असतील तर पिकलबॉलसाठी वेगळा रंग निवडावा आणि किचनची रेषा नव्याने ओढावी. चुकीच्या रेषेला जेवढा रंग लागतो, तेवढाच बरोबर रेषेलाही लागतो. सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना आणि क्रीडाशिक्षकांना एवढीच विनंती आहे की रंगाऱ्याला बोलावण्याच्या आदल्या दिवशी टेप, दोरी आणि खडू घेऊन दोघांनी कोर्टवर उतरावे आणि दोन्ही कर्ण स्वतः मोजावेत.