नकाशावरचे आरक्षणही आपलेच आहे : बुलढाणा जिल्ह्यातील मोकळ्या जागांचा प्रश्न

आरक्षण म्हटले की आपल्याला नोकरी, शिक्षण आणि प्रभागाच्या सोडती आठवतात. पण नगरपरिषदेच्या विकास योजनेच्या नकाशावरही आरक्षणे असतात. उद्यान, क्रीडांगण, शाळा, दवाखाना, बाजार अशा कामांसाठी राखून ठेवलेल्या जमिनी. ही आरक्षणे कोणत्या एका जातीची नाहीत, सगळ्या गावाची आहेत. कदाचित म्हणूनच त्यांच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही आणि एक एक करून ती नाहीशी होतात.

बुलढाणा जिल्ह्यात ११ नगरपरिषदा आहेत. तीन-चार वर्षे प्रशासकांच्या हाती असलेला हा कारभार डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर पुन्हा लोकप्रतिनिधींकडे आला. प्रचारात रस्ते, नाल्या, पाणी, घरकुल हे सगळे होते. बागेचा उल्लेख झालाच तर 'सौंदर्यीकरण' म्हणून. म्हणजे एक कमान, एक कारंजे, रंगीत दिवे आणि उद्घाटनाची पाटी. आमचे म्हणणे असे की बाग, मैदान आणि चालायची वाट हा शोभेचा विषय नाही. आंबेडकरी चळवळीने ज्या सार्वजनिक हक्कासाठी पहिला मोठा लढा दिला, त्याच हक्काचा हा भाग आहे.

याची झळ कोणाला लागते ते पहाटे पाच वाजता कळते. जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेर त्या वेळी उभे राहा, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे हमरस्त्याच्या कडेने पळताना दिसतील. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. तयारीला मैदान हवे. ते नसले की मग डांबरी रस्ता, समोरून येणाऱ्या ट्रकचा उजेड आणि बाजूला खडी. मुलगा एकटा जातो. मुलीला भाऊ नाही तर मैत्रिणींचा घोळका सोबत लागतो. सोबत मोडली की तिची तयारीही मोडते. दहा-दहा मार्कांनी हुकलेल्या भरतीचे खापर आपण पोरींच्या मेहनतीवर फोडतो, पण ती पळणार कुठे होती हे विचारत नाही. शुगर-बीपी असलेल्या आयाबायांना डॉक्टर सांगतात, रोज अर्धा तास चाला. कुठे चालावे ते चिठ्ठीवर लिहिलेले नसते. मग संध्याकाळी विहाराच्या पायऱ्यांवर बसणे, एवढीच त्यांची मोकळी हवा.

आपल्याच वस्त्यांत मोकळी जागा का नाही, याला कारण आहे. राज्याच्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा लेआउट पाडला, तर त्यातली १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. गावात तिला सगळे 'ओपन स्पेस' म्हणतात. पण हा नियम लागतो तो लेआउटला. आपल्या वस्त्या लेआउट पाडून वसल्या नाहीत. त्या गावकुसाबाहेर होत्या, गाव वाढले तसे गाव त्यांच्याभोवती आले. काही नाल्याच्या काठाने वाढल्या, काही ई-क्लास जमिनीवर. तिथे दहा टक्के सोडणार कोण आणि कशातून? नव्या कॉलनीला जन्मतःच ओपन स्पेस मिळते, जुन्या वस्तीला मिळते ती फक्त दाटी. जातीचा इतिहास असा जमिनीच्या मापात उतरलेला आहे. दलित वस्ती सुधार निधीतूनही मुख्यतः सिमेंट रस्ता, नाली आणि सभागृह एवढेच होते. तेही हवेच. पण त्या निधीतून चार झाडांची सावली आणि पोरांना खेळायला जागा झाल्याचे आम्ही क्वचितच पाहिले.

केंद्राच्या मोठ्या योजनांनीही लहान गावे वगळली. २०१५ साली सुरू झालेल्या 'अमृत' योजनेत शहरांतल्या उद्यानांसाठी वेगळा पैसा होता, पण निवड मुख्यतः एक लाखावर लोकसंख्या असलेल्या शहरांची होती. २०११ च्या जनगणनेत खामगाव सुमारे ९४ हजार, बुलढाणा शहर सुमारे ६७ हजार. जिल्ह्यातले एकही गाव लाखाला पोचत नव्हते. जणू ९४ हजार माणसांना श्वास कमी लागतो!

आता नकाशावरचे आरक्षण जाते कसे, ते नीट समजून घेऊ. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, कलम १२७. योजना अमलात येऊन दहा वर्षे झाली आणि तरी राखीव जागा नगरपरिषदेने घेतली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप संपते. मालकावर अन्याय होऊ नये म्हणून ही तरतूद आहे आणि ती चुकीची नाही. शेतकऱ्याची जमीन कागदावर अडकवून ठेवणे बरोबर नव्हेच. पण व्यवहारात होते काय? नोटीस येते, नगरपरिषद 'निधी नाही' म्हणते, दोन वर्षे सरतात आणि बागेच्या जागी प्लॉट पडतात. या दोन वर्षांत गावाला काही कळत नाही. ते कळवून घेणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे. जमीन सार्वजनिक मालकीची असेल तर बाजू आणखी भक्कम होते. बंगळुरूत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला दिली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या मुद्दप्पा खटल्यात ते वाटप टिकू दिले नाही.

इथे चवदार तळे आठवणे भाग आहे. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो होता. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारोंसह तळ्याचे पाणी प्यायले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने यायला १९३७ उजाडले. आज संविधानाचे कलम १५(२) विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्याच ओळीत जनतेच्या वापराच्या इतर सार्वजनिक जागाही घेते. बाग आणि मैदान त्यातच येतात.

जागा सर्वांना देण्यापेक्षा ती कोणालाच नको, ही वृत्ती फक्त आपल्याकडची नाही. बस बहिष्काराच्या लढ्याने गाजलेल्या अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात उद्याने कृष्णवर्णीयांना खुली करण्याचा प्रश्न न्यायालयात गेला, तेव्हा नगर प्रशासनाने १९५९ पासून सगळी उद्यानेच बंद केली. ती अनेक वर्षे बंद राहिली. आपल्याकडे फाटकाला कुलूप लावायची गरज पडत नाही, आरक्षण मुदतीत संपू दिले की पुरते.

आता ज्या मुद्द्यावर आपल्याच लोकांत मतभेद होतील, तो. शहराला हिरवी जागा हवी म्हटले की प्रशासनाचे बोट पहिल्यांदा ई-क्लासकडे जाते. वऱ्हाडात गायरानाला ई-क्लास म्हणतात आणि त्या जमिनींवर भूमिहीन बौद्ध कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वहिती करत आली आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ च्या ६ डिसेंबरपासून झालेला भूमिहीनांचा सत्याग्रह याच प्रश्नावर होता. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा मार्ग मिळाला. पण किती कुटुंबांच्या सातबाऱ्यावर नाव चढले, ते ज्याने त्याने आपल्या गावात मोजावे. सामूहिक जमिनी वाचवा असे सांगणाऱ्या २०११ च्या जगपाल सिंग निकालातही सर्वोच्च न्यायालयाने भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद मान्य केला आहे. म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. वहितीच्या जमिनीवर वृक्षारोपणाचे खड्डे खणून कुणाची भाकरी काढून घेणारी हिरवळ आम्हाला नको. बाग हवी ती विकास योजनेतल्या राखीव जागेवर, लेआउटच्या ओपन स्पेसवर, तलावाच्या बांधावर.

ओपन स्पेसवर आधी मंदिर येते, मग त्याचा सभामंडप येतो. आपल्याकडेही विहाराची मागणी तिथेच होते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००९ च्या आदेशाने रस्ते, उद्याने आणि सार्वजनिक जागांवर नवी अनधिकृत धार्मिक बांधकामे होऊ देऊ नयेत असे बजावले आहे. वर्गणी गोळा करून बांधलेल्या विहारावर उद्या नोटीस यायची नसेल, तर विहारासाठी रीतसर जागा मागावी आणि ओपन स्पेस पोरांना सोडावी.

वाटेचे काय? बुलढाणा आणि खामगावच्या मधल्या ज्ञानगंगा अभयारण्यात डिसेंबर २०१९ मध्ये टिपेश्वरहून एक वाघ चालत आला. सुमारे १३०० किलोमीटर, शेतांतून, नाल्यांच्या काठांनी, रस्ते ओलांडत. लोकांनी त्याचे नाव 'वॉकर' ठेवले. आपल्या जिल्ह्याचा सर्वात नावाजलेला चालणारा हा असा वाघ निघाला! त्याने ज्या नाल्यांचे काठ धरले, तसेच नाले आपल्या गावांतूनही वाहतात आणि त्यांच्या काठची पट्टी नगरपरिषदेकडून बहुधा कचऱ्याला सुटते. ती मोकळी करून मुरूम टाकला, दोन्ही बाजूंनी कडुनिंब आणि करंज लावले, विजेचे खांब आणि मध्ये एखादे स्त्रियांचे स्वच्छतागृह दिले, तर चालायची वाट तयार होते. कारंज्याच्या पैशात. सम्राट अशोकाने रस्त्याकडेला झाडे लावली आणि विहिरी खोदल्या, हे त्याच्या शिलालेखांत कोरलेले आहे. सौंदर्यीकरणाच्या फाइलवर सही करणाऱ्यांनी ते एकदा वाचावे.

आमच्या गटाने ठरवलेले काम साधे आहे. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन जणांनी माहिती अधिकारात चार कागद मागायचे : मंजूर विकास योजनेतील उद्यान व क्रीडांगणाच्या आरक्षणांची यादी, त्यांपैकी संपादित झालेल्या जागा, कलम १२७ खाली आलेल्या नोटिसा तारखांसह, आणि मंजूर लेआउटमधील ओपन स्पेसची यादी. मग यादी घेऊन प्रत्यक्ष जागेवर जायचे, फोटो काढायचे. सुधारित विकास योजनेचा मसुदा जाहीर झाला की हरकतींसाठी ३० दिवसच मिळतात, म्हणून अर्ज आधीच तयार ठेवायचा. जोडीला १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली नेमलेल्या वृक्ष प्राधिकरणाने रस्तारुंदीसाठी किती झाडे तोडायला परवानगी दिली आणि बदल्यात किती लावली, तेही विचारायचे.

१४ एप्रिलच्या तयारीसाठी वस्त्यांत बैठका होतीलच. त्याच बैठकीत डीजेच्या खर्चानंतरचा विषय म्हणून हा नकाशा टेबलावर पसरायचा आणि आपल्या वस्तीपासून सर्वात जवळचा हिरवा चौकोन कुठे आहे ते पोरींनाच शोधायला सांगायचे.