पुस्तकांतील चार अंश

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड होतें. त्याहून थंड झालें कीं हलकें होऊन वर राहतें. म्हणूनच तळें वरून गोठतें आणि बर्फाखालीं मासे जिवंत राहतात. हें आमच्या शाळांतील दहावीच्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ असतें. होपच्या उपकरणाच्या मध्यभागीं बर्फ व मीठ घालून खालचा तापमापक ४ अंशांवर स्थिरावलेला दाखविला, कीं विषय संपला असा आपला समज. आमच्या मतें विषयाचा खरा आरंभ तेथूनच होतो.

अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत मॅडिसन शहराला लागून मेंडोटा नांवाचें सरोवर आहे. विस्तार सुमारें ३९ चौरस किलोमीटर, खोली सुमारें २५ मीटर. एडवर्ड बर्ज व चॅन्सी ज्यूडे यांनीं याच पाण्याचा अभ्यास करून त्या देशांत सरोवरविज्ञानाचा पाया घातला. सरोवर गोठलें म्हणजे तेथील विद्यापीठाचे विद्यार्थी बर्फावर जातात. गिरमिटानें बर्फास भोंक पाडावयाचें, त्याची जाडी मोजावयाची, तापमापक मीटर-मीटर खालीं सोडावयाचा, पाण्यांतील प्राणवायु तपासावयाचा, आणि सर्व आंकडे तेथल्या तेथेंच टिपावयाचे.

आतां मौज अशी, कीं तळाशीं पुस्तकांतले ४ अंश बहुधा सांपडत नाहींत. गोठण्यापूर्वीं वारा हें विस्तीर्ण पाणी खोलवर ढवळीत राहतो, आणि सरोवर ४ अंशांच्याहि खालीं थंड होऊन मगच बर्फ धरतें. नियम खोटा नव्हे. नियमाबरोबर वाराहि तेथें होता, इतकेंच. बोटें बधिर झालीं असतां तापमापकावर अडीच अंश दिसले, तर विद्यार्थ्यानें अडीच लिहावे, कीं पुस्तकाशीं जुळावे म्हणून चार? सर्व शिक्षणाची कसोटी या एका आंकड्यांत आहे, असें आम्हांस वाटतें.

आपल्याकडील प्रयोगवह्या पुष्कळदां कशा भरल्या जातात, हें विद्यार्थी जाणतात व पालकांसहि तें अज्ञात नाहीं. उत्तर आधीं ठाऊक असतें. निरीक्षणें मागाहून त्याच्याशीं जुळवून लिहिलीं जातात. वही स्वच्छ दिसते, गुणहि मिळतात; मात्र वारा कोणास दिसत नाहीं.

प्रामाणिक आंकड्याचें मोल एका दिवसांत कळत नाहीं. मेंडोटा केव्हां गोठलें व केव्हां मोकळें झालें, याची नोंद १८५० च्या दशकापासून ठेवलेली आहे. कसोटी साधी: पिकनिक पॉइंटपासून मेपल ब्लफपर्यंत नाव वल्हवीत नेतां येते कीं नाहीं. १८८०-८१ च्या हिवाळ्यांत सरोवर १६१ दिवस गोठलेलें होतें. २००१-०२ मध्यें केवळ २१ दिवस. एकट्या वर्षावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. परंतु दीड शतकाहून लांब अशा या ओळींतून बर्फाचा काळ घटत चालल्याचें स्पष्ट दिसतें. मधल्या एखाद्या पिढीनें ‘गेल्या वर्षीइतकेंच’ असें अंदाजानें लिहून ठेवलें असतें, तर ही ओळच तुटली असती.

अशा अभ्यासांत धोका नाहीं काय, असें पालक विचारतील. धोका आहे; म्हणून बर्फाची पारख हाच पहिला पाठ. पायीं चालण्यास घट्ट, स्वच्छ बर्फ निदान १० सेंटिमीटर जाड लागतो, आणि एकट्यानें कोणी जाऊं नये असा दंडक आहे. तेथें खरा आंकडाच प्राण वांचवितो.

आपल्या गांवचीं तळीं गोठत नाहींत. पण विहिरी आहेत. दर सोमवारीं शिक्षकांच्या देखरेखीखालीं दोरीस वजन बांधून पाणी किती खालीं आहे तें मोजावें, तारीख घालून लिहावें, आणि वर्ष संपतांच वही खालच्या वर्गाच्या हातीं द्यावी. पालकांनीं गुणपत्रिकेबरोबर ती वहीहि पाहावी. तींत एखादा आंकडा अपेक्षेबाहेरचा आढळला, तर मुलास रागें भरण्यापूर्वीं, त्या दिवशीं तेथें आणखी काय होतें, एवढें विचारावें.