दुबईची वाट शाळेच्या रजिस्टरातून जाते



दुबई हे नाव आपल्या भागाला नवीन नाही. २०१६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या निर्मळकडील गावांतून कित्येक वर्षांपासून माणसे आखातात कामाला जात आहेत. आपल्या शाळेचे काही माजी विद्यार्थीही आता तिकडे नोकरीला आहेत. मुलगा स्थिरावला की आई-वडिलांना बोलावतो, आणि मग घरात पहिल्या दुबईवारीची तयारी सुरू होते. ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा पाहायचा, २००९ साली सुरू झालेल्या मेट्रोत बसायचे, वाळवंटात फेरी मारायची. ही हौस चांगलीच आहे. परंतु आमचे स्पष्ट मत असे की, या प्रवासाची खरी तयारी बॅग भरण्यापासून होत नाही. ती शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरापासून होते.

हे कसे, ते सांगतो. आपण मराठी माणसे आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे, शेवटी आडनाव लिहितो. तेलुगू पद्धतीत घराचे नाव आधी येते आणि बहुधा एका अक्षरात आटोपते. त्यामुळे एकच मुलगा आधार कार्डावर ‘विठ्ठल नामदेव पवार’, दहावीच्या मेमोवर ‘पी. विठ्ठल’ आणि रेशन कार्डावर नुसता ‘विठ्ठल’ असतो. त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर. विठ्ठलमध्ये टी किती आणि एच कुठे, यावर दोन कारकुनांचे एकमत होत नाही. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, म्हणून एक नाव चार भाषांतून फिरले की त्याचे काय होते हे आम्ही चांगले जाणतो.

गावात यावाचून काही अडत नाही, विमानतळावर अडते. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने, पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी ठेवून एकच नाव लिहिलेले असेल तर पर्यटक किंवा भेट व्हिसावर प्रवेश नाही, असा नियम केला. दुसऱ्या पानावर वडिलांचे वा घराण्याचे नाव असल्यास पुढे सूट मिळाली, पण धडा तोच राहिला. लग्नानंतर नाव बदललेल्या आपल्या भगिनींनी आणि ज्यांची जन्मतारीख ‘पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षी’ एवढीच सांगितली जाते अशा आजी-आजोबांनी कागदपत्रे कितीतरी आधी जुळवून घ्यावीत. पासपोर्टची मुदतही प्रवासाच्या दिवशी किमान सहा महिने शिल्लक असावी लागते.

आता विद्यार्थ्यांसाठी महत्त्वाची गोष्ट. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार, दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर साधारणतः ‘ईसीआर’ असा शेरा असतो. अशा व्यक्तीला अमिरातीसह अठरा देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. हा नियम कमी शिकलेल्या माणसाच्या रक्षणासाठीच आहे. पण ही मंजुरी टाळण्यासाठी काही दलाल सांगतात, “भेट व्हिसावर चला, काम तिथे गेल्यावर बघू.” इथेच माणूस फसतो. भेट व्हिसावर काम करणे तेथे बेकायदा आहे. मुदत संपली की रोज दंड चढतो, आणि तक्रार करायला जावे तर आपणच गुन्हेगार ठरतो. अशा अडकलेल्या लोकांना सुटता यावे म्हणून अमिरातीने २००७, २०१८ आणि २०२४ साली माफीची मुदत जाहीर केली होती. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते. लाखाची गोष्ट करणाऱ्यापुढे शेत गहाण ठेवण्याआधी पालकांनी त्याचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासावा.

जे फक्त भेटीला जाणार आहेत त्यांच्यासाठीही दोन शब्द. दिवाळीचा फराळ न्यावा, पण खसखस लावलेले अनारसे नेऊ नयेत. अमिरातीत खसखशीला मादक पदार्थांच्या नियमांखाली बंदी आहे. आपल्याला तो साधा मसाला वाटतो, तेथे तो तुरुंगाचे कारण होऊ शकतो. ट्रामाडोल, कोडीन असलेल्या गोळ्यांचेही तसेच. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी आणि तेथील आरोग्य खात्याची ऑनलाईन परवानगी आधीच घ्यावी. आणि “आम्ही आदिलाबादचे, आम्हाला ऊन काय सांगता!” असे म्हणू नये. आपले ऊन कोरडे असते. दुबई वाळवंटात असली तरी समुद्रकाठी आहे, तेथे घाम वाळत नाही. म्हणूनच १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घेण्यास तेथे मनाई असते. वडीलधाऱ्यांनी नोव्हेंबर ते मार्च या काळातच जावे.

काही पालक म्हणतील, शाळेने धडे शिकवावेत, दुबईच्या चौकशा शाळेला कशाला? आमचे म्हणणे असे की, १९५९ ते १९६६ या काळात दुबईच्या बाजारात आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी छापलेला रुपया चालत होता, हा इतिहास जसा धडा आहे, तसेच स्वतःचे नाव सर्व कागदांवर एकसारखे लिहिणे हाही धडाच आहे. पहिला धडा विसरला तर दोन मार्क जातात. दुसरा विसरला तर घरचे पैसे आणि पोराची उमेद दोन्ही जातात.

म्हणून आमची सूचना अशी. नववीच्या वर्षीच, दहावीच्या परीक्षेची नावनोंदणी होण्यापूर्वी, शाळेत एक दिवस ‘नाव तपासणी’ व्हावी. पालकांनी आधार कार्ड व जन्माचा दाखला घेऊन यावे, वर्गशिक्षकांनी रजिस्टराशी ताडून पाहावे आणि चूक तेव्हाच दुरुस्तीस पाठवावी. विश्वस्त मंडळींनी त्या दिवसासाठी इंग्रजी व तेलुगू दोन्ही जाणणारा एक जाणकार माणूस द्यावा, एवढीच विनंती. खर्च फार नाही. ज्यांची मुले दुबईला जाणार नाहीत, त्यांनाही शिष्यवृत्तीच्या आणि बँकेच्या कामी या दुरुस्तीचा उपयोग होईल.

आणि दहावीला बसलेल्या मुला-मुलींनो, तुम्हाला कुठे जायचे ते तुम्ही ठरवा. पण दहावी उत्तीर्ण होऊनच जा.

— मुख्याध्यापक