पडला तरी ३.८५

मागच्या गुरुवारी रात्री दीड वाजता, एका क्लायंटचं ब्रोशर अर्धवट टाकून मी काय करत होते? लॅपटॉपवर एका लॅटव्हियन मुलाला बर्फावर गरागरा फिरताना बघत होते. तोच व्हिडिओ, तिसऱ्यांदा. डेडलाइन सकाळी दहाची होती. जाऊ दे.

तुम्ही म्हणाल, फिगर स्केटिंग? आपल्याला काय त्याचं? खरंय. मलाही परवापर्यंत त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आता निदान एवढं कळतं की सगळ्या उड्यांमध्ये ‘अॅक्सेल’ ही एकच उडी स्केटर समोर तोंड करून मारतो, बाकीच्या पाठमोऱ्या. पुढच्या पार्टीत टाकून बघा, इम्प्रेशन पडतं.

तर या मुलाचं नाव डेनिस वासिल्येव्स. जन्म ९ ऑगस्ट १९९९, गाव दाउगावपिल्स. लॅटव्हियातलं दोन नंबरचं शहर, पण रस्त्यावर लॅटव्हियनपेक्षा रशियनच जास्त कानावर पडते. आडनाव मूळचं रशियन वासिल्येव. शेवटचा ‘स’ लॅटव्हियन भाषेने चिकटवलेला, तिथे पुरुषांच्या नावांना तो लागतोच. मोठ्या रंगीत चौकोनांसाठी प्रसिद्ध असलेला चित्रकार मार्क रॉथको याच गावात जन्मला. बाकी गाव तसं शांत.

लॅटव्हियाची अख्खी लोकसंख्या १९ लाखांच्या आत. पण बर्फाचं वेड जबरदस्त. बॉबस्ले, ल्यूज, स्केलेटन, म्हणजे घसरगाडीवरून जीव मुठीत धरून खाली येण्याचे जेवढे प्रकार आहेत, त्यात हा देश पुढे. आणि आइस हॉकी तर धर्मच. २०२३ मध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ब्राँझ मिळालं, तर पार्लमेंटने मध्यरात्री बैठक भरवून दुसऱ्या दिवशी सुट्टी जाहीर केली. ब्राँझसाठी, बॉस!

अशा देशात एक मुलगा म्हणतो, मला हॉकी नको, मला बर्फावर नाचायचंय. तेही सोपं नसणार. पण आजचा आपला मुद्दा त्याच्या पुढचा आहे.

सुरुवात दाउगावपिल्समध्येच झाली, इंग्रिदा स्निएश्किएने या कोचकडे. मग टीनएजमध्येच घर सोडून रशियात, अलेक्सेई उर्मानोव्हकडे. उर्मानोव्ह म्हणजे १९९४ च्या लिलेहामर ऑलिंपिकचा गोल्ड मेडलिस्ट. त्या वेळी फिगर स्केटिंग झालं होतं शेजारच्या हामार गावातल्या हॉलमध्ये. २०१६ ची युथ ऑलिंपिक्स पुन्हा लिलेहामरला आली, स्केटिंग पुन्हा त्याच हॉलमध्ये, आणि आपला डेनिस तिथे सिल्व्हर घेऊन गेला. सिनेमात असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच होतंय.

त्याच वर्षी त्याने कोच बदलला आणि स्वित्झर्लंडमधलं शाँपेरी नावाचं डोंगरातलं गाव गाठलं. नवा गुरू स्टेफान लांबिएल. २००५ आणि २००६ चा वर्ल्ड चॅम्पियन, २००६ च्या तुरिन ऑलिंपिकचा सिल्व्हर मेडलिस्ट, आणि ज्याच्या गिरक्यांची लोक आजही आठवण काढतात असा माणूस. गंमत बघा, एवढ्या मोठ्या लांबिएलला ट्रिपल अॅक्सेलने करिअरभर छळलं. शिष्याची अडचण वेगळी. त्याला छळलं क्वाडने.

क्वाड म्हणजे हवेत चार फेऱ्या. डेनिस सिनियर झाला तेव्हा पुरुषांच्या स्केटिंगमध्ये क्वाडची नुसती लाट आली होती. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या नेथन चेनने एकाच प्रोग्राममध्ये सहा क्वाड टाकले. त्याच ऑलिंपिकमध्ये डेनिस एकोणिसावा आला. त्याच्याकडे सुंदर गिरक्या होत्या, संगीत अंगात भिनलेलं होतं, बर्फावर खोल, मऊ धार होती. आणि बाजार क्वाडचा होता.

आता थोडं गणित. पळू नका, अप्रायझलपेक्षा सोपं आहे.

२०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे क्वाड साल्कोची मूळ किंमत ९.७० पॉइंट्स. तीच उडी तीन फेऱ्यांची मारली तर ४.३०. सगळ्यात अवघड दर्जाची, पाय बदलून अंगाचे तीन-तीन आकार दाखवणारी गिरकी ३.५० ची. त्यावर जज उणे पाच ते अधिक पाच अशी ग्रेड देतात आणि प्रत्येक ग्रेडला किमतीचे दहा टक्के वर-खाली होतात. म्हणजे सगळ्या जजेसनी हात सैल सोडून पैकीच्या पैकी दिले, तरी त्या अप्रतिम गिरकीचे होणार ५.२५.

आणि क्वाड मारताना साफ आपटलात तर? चार फेऱ्या हवेत पूर्ण झाल्या असतील तर ९.७० चे निम्मे, ४.८५. त्यातून पडल्याचा दंड एक पॉइंट. हातात राहिले ३.८५.

परत वाचा. बर्फावर पसरलात तरी ३.८५, आणि सुरक्षित ट्रिपल नीट उतरवलीत तर ४.३०. फरक अर्ध्या पॉइंटचाही नाही. आणि क्वाड चांगली उतरली तर बारा-तेराच्या घरात! मग कोण कशाला गिरक्या घासत बसेल? कलेचे वेगळे मार्क असतात, पडलं की तिथेही थोडा फटका बसतो. पण हिशोब कळायला फार हुशारी लागत नाही. जे येत नाही ते करताना पडा, पैसे मिळतील. जे येतं ते आणखी सुंदर करा, टाळ्या मिळतील.

इथे मी लॅपटॉप बंद करून पंख्याकडे बघत पडले, कारण हे मी ऐकलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी एका एडिटरने मला सांगितलं होतं, “तू लिहितेस छान, पण व्हिडिओ करतेस का?” मी व्हिडिओ केले. वाईट केले. त्या वाईट व्हिडिओंचे पैसे मला माझ्या बऱ्या लेखांपेक्षा जास्त मिळाले. तुमच्याही ऑफिसात असा एक क्वाड असेलच. ज्याला कोडिंग येतं त्याला प्रेझेंटेशन, जिला माणसं सांभाळता येतात तिला एक्सेल. आणि अप्रायझलच्या फॉर्मवर गिरकीचा रकानाच नसतो.

अशा वेळी आपल्याला दोनच सल्ले मिळतात. एक, बाजाराप्रमाणे बदल. दोन, मन म्हणतं तेच कर, बाजार गेला खड्ड्यात. डेनिसने दोन्ही ऐकले नाहीत असं मला वाटतं. किंवा दोन्ही ऐकले. गिरक्या सोडल्या नाहीत, आणि क्वाडच्या नादात पडणंही सोडलं नाही. वर्षानुवर्षं. मार्च २०१८ मध्ये, त्या एकोणिसाव्या नंबरनंतर महिन्याभरात, मिलानच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये तो सहावा आला. त्यानंतर एकदम झेप नाही. चार वर्षं.

आणि मग जानेवारी २०२२, एस्टोनियातलं तालिन, युरोपियन चॅम्पियनशिप. रशियाचा मार्क कोंद्रात्युक पहिला, इटलीचा दानिएल ग्रासल दुसरा आणि २७२.०८ पॉइंट्स घेऊन डेनिस वासिल्येव्स तिसरा. युरोपियन चॅम्पियनशिपमध्ये लॅटव्हियन स्केटरला मिळालेलं पहिलं मेडल.

इथे थांबले असते तर कॉलम छान गोड झाला असता. पण पुढच्याच महिन्यात बीजिंग ऑलिंपिक होतं, आणि तिथे तो तेरावा आला. एका महिन्यात खंडातला तिसरा आणि जगातला तेरावा. त्याच शाँपेरीच्या रिंकवर त्याच्यासोबत सराव करणारा जपानचा शोमा उनो बीजिंगहून ब्राँझ घेऊन गेला, आणि २०२२ आणि २०२३ मध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाला. क्वाड्सचा बादशहा. शेजारच्या डेस्कवरच्या माणसाचं प्रमोशन रोज बघायला लागणं काय असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. डेनिस तरीही लांबिएलकडेच राहिला. स्पर्धा करत राहिला.

याला यश म्हणायचं का? मला खरंच ठरवता येत नाहीये. युरोपियन मेडल एक, खर्ची पडलेली वर्षं कितीतरी, आणि दरपत्रक अजूनही गिरकीला चिल्लरच देतं. पण गुरुवारी रात्री मी तीनदा जो व्हिडिओ लावला, त्यात मी उड्या पुढे ढकलत होते. थांबत होते ती शेवटच्या गिरकीला. दोन्ही हात वर, मान मागे, वेग वाढत जातो, वाढतच जातो, आणि संगीत संपतं त्याच क्षणी तो थांबतो. मूळ किंमत साडेतीन पॉइंट्स.

ब्रोशर सकाळी साडेदहाला गेलं. शेवटचा पॅरा मी तीनदा लिहिला. क्लायंटला त्यातलं काही कळलं नसणार, पेमेंटही तेवढंच येणार. व्हिडिओचा क्लास मात्र मी सोडलेला नाही. शनिवारी आहे. पडायला जातेय.